उसाचा उतारा म्हणजे नक्की काय? टक्के सोडा, टनाला किती किलो ते बोला

ऊस परिषदा झाल्या, कारखान्यांनी मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू केलं, की पेपरात आकड्यांचा पाऊस सुरू होतो. एफआरपी ३५५०, बेस १०.२५, पहिली उचल इतकी, तोडणी-वाहतूक तितकी, आणि पारावर बसून पेपर वाचणारा माणूस हेडिंग वाचून पान उलटतो, कारण आतलं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, कुठल्या ते जाऊ दे, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की यात न कळण्यासारखं काय आहे, सातवीतली शेकडेवारी तर आहे सगळी.

मग गेल्या दिवाळीत आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मला धरलं.

"आरं, तू तितं लॅबात हाईस न्हवं? मग सांग की, माजा ऊस किती उतारला?"

मी आपलं कारखान्यात बोलतो तसं बोललो, "तात्या, गेल्या हंगामाचा फायनल अकरा पॉइंट दोन हाय."

तात्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी शंभराला अकरा? मग ऱ्हायलेलं एकोणनव्वद कोण खातंय?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. आम्ही लॅबवाले, शेती खात्याचे, अकौंटवाले एकमेकांशी बोलताना अर्धं वाक्य गिळून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते गिळलेलं अर्धं माहीत आहे असं धरून चालतो. बाहेरच्याला ते माहीत नसतं, म्हणून त्याला एकतर हिशेब अवघड वाटतो नाहीतर चोरी वाटते. त्या दिवशी तात्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, जरा नीट मांडून.

एकोणनव्वद कुठं जातं

उतारा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत रिकव्हरी, याचा अर्थ एवढाच की जेवढा ऊस गाळला त्यातून पोत्यात साखर किती भरली. ११.२ टक्के उतारा म्हणजे एक टन उसातून ११२ किलो साखर. बस. यापुढं आपण टक्के हा शब्द जमेल तेवढा टाळू आणि "टनाला किती किलो" असंच बोलू, कारण माझा अनुभव असा की टक्क्यात सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि किलोत सांगितलं की उलटा प्रश्न विचारतो.

उसात सगळ्यात जास्त काय असतं तर पाणी. हजार किलो उसात ढोबळमानाने सातशे किलो पाणीच असतं. एकशे तीस-चाळीस किलो चोथा, आणि साधारण तेवढीच साखर, बाकी इतर सटरफटर. कारखान्यात गेल्यावर टनामागं २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघतो (तो ओला असतो, निम्मं पाणीच असतं त्यात), ४०-४५ किलो मळी (साखर काढून उरलेला काळा पाक), ३०-४० किलो प्रेसमड (रस गाळून राहिलेला गाळ), साखर ११२ किलो, आणि उरलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं. म्हणजे तात्यांच्या एकोणनव्वदातलं बरंचसं पाणी आहे हे खरं, पण बगॅसवर वीज होते, मळीचं अल्कोहोल होतं आणि प्रेसमडचं खत होतं हेही तितकंच खरं, तो मुद्दा पुढं येईल.

आता उसात साखर १३२ किलो होती आणि पोत्यात ११२ आली, मग मधली वीस किलो? ती थोडी बगॅसमधून जाते, थोडी प्रेसमडमधून, आणि सगळ्यात जास्त मळीतून. शेंगदाण्याच्या घाण्यात कितीही दाबलं तरी पेंडीत थोडं तेल राहतंच की नाही, तसं. टनाला वीस किलोच्या आसपास घट हे कारखान्यात नेहमीचं मानतात. त्याशिवाय "अननोन लॉस" नावाचा एक आकडा असतो, म्हणजे जी साखर कुठं गेली ते सांगता येत नाही ती, आणि तो आकडा मोठा दिसला तर लॅबवाल्याला जाब विचारावा, बिनधास्त.

वीस ब्रिक्स दाखवला होता की!

हा एक खास घोळ. कारखान्याचा चिटबॉय नाहीतर शेती मदतनीस दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन फडात येतो, उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकतो आणि म्हणतो, वीस आहे. शेतकऱ्याला वाटतं माझ्या उसात वीस टक्के साखर, मग कारखाना अकरा कसा दाखवतो, नऊ कुणी मारले?

ते वीस म्हणजे ब्रिक्स. रसात विरघळलेलं जे जे काही आहे, साखर, क्षार, आणखी काय काय, त्या सगळ्याचं मोजमाप. त्यातली खरी साखर लॅबमध्ये वेगळ्या यंत्रावर मोजतात, तिला पोल म्हणतात, कारण साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो वळतो आणि किती वळला त्यावरून साखर कळते. (मला अजूनही हे भारी वाटतं, दुसरीकडं प्रकाश वळवून पैसे ठरतात का कुठं?) समजा वीसपैकी सतरा साखर निघाली. पण ते सतरा रसातले आहेत, उसातले नाहीत, आणि ऊस म्हणजे काही सगळा रस नाही, चोथाही आहेच. शंभर किलो उसात तो रस ७८ किलो धरला तर ७८ चे सतरा टक्के म्हणजे सव्वातेरा किलो. त्यातून घट दोन किलो. राहिले सव्वाअकरा.

वीसवरून अकरावर असं पायरी-पायरीनं उतरत येतो. चोरी यात कुठं नाही, प्रत्येक पायरीवर "कशातले?" हा प्रश्न बदलतो एवढंच. रसातले, उसातले, की पोत्यातले. पण चिटबॉय फक्त वीस म्हणतो आणि मोटरसायकलला किक मारून निघून जातो.

आता पैसे

एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, यापेक्षा कमी देता येत नाही. २००९ पासून ही पद्धत आहे, आधी एसएमपी, म्हणजे किमान वैधानिक किंमत, होती. सरकार दर क्विंटलमध्ये जाहीर करतं, शेतकरी टनात बोलतो, पहिला गोंधळ तिथंच, म्हणून मी सगळं टनातच सांगतो.

२०२५-२६ च्या हंगामाला दर आहे टनाला ३५५० रुपये, पण तो टनाला १०२.५ किलो साखर निघणाऱ्या कारखान्याला. हेच ते १०.२५ टक्के बेस. त्याच्यावर प्रत्येक किलोला ३४ रुपये ६० पैसे जादा, त्याच्याखाली प्रत्येक किलोला तेवढेच कमी. आणि ९५ किलोच्या खाली कितीही घसरलं तरी दर ३२९०.५० च्या खाली जात नाही.

सरकारी कागदावर हे "०.१ टक्का वाढीस ३.४६ रुपये प्रतिक्विंटल" असं लिहिलेलं असतं. वाचून बघा मोठ्यानं एकदा. आणि आमच्या लॅबमध्ये त्या ०.१ ला नुसतं पॉइंट म्हणतात, "आज दोन पॉइंटनं वाढला", ऐकणाऱ्याला वाटतं दोन टक्के वाढला, प्रत्यक्षात टनाला दोन किलो.

हे ३४.६० आले कुठून? ३५५० भागिले १०२.५ करा, ३४.६३ येतात. म्हणजे गुंतागुंत काहीच नाही, सरकार उसाचा दर म्हणतंय पण आतून तो साखरेचा किलोचा दर आहे. ९५ किलोच्या वर तुमचा ऊस साखरेच्या वजनावर विकला जातो, टनाला जितके किलो गुणिले साधारण ३४.६०. हे एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी पेपरातली निम्मी बातमी आपोआप कळते.

तात्यांचा हिशेब केला. ११२ किलो, म्हणजे बेसच्या वर साडेनऊ किलो, त्याचे ३२८.७०, एकूण ३८७८.७० रुपये टनाला. यातून तोडणी-वाहतूक जाते, ती आम्ही ८५० धरली, राहिले ३०२८.७०. त्यांचा ऊस ६२ टन, म्हणजे १ लाख ८७ हजार ७७९ रुपये. तात्या म्हणाले, हां, आता कळलं. टक्क्यात तासभर सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते.

दर वाढला पण हातात कमी वाढला, असं कसं?

हे मात्र नीट समजून घ्या, कारण यात शेकडेवारीचा खरा खेळ आहे.

२०१७-१८ ला दर टनाला २५५० होता आणि बेस होता ९५ किलो. २०१८-१९ ला दर २७५० झाला. हेडिंग काय? दोनशे रुपये वाढ. पण बेस ९५ वरून १०० किलोवर नेला. आता ज्या कारखान्यात शंभर किलो साखर निघत होती त्याचं बघा: जुन्या हिशेबाने २५५० अधिक पाच किलोचे २६.८० प्रमाणे १३४, म्हणजे २६८४ आधीच मिळत होते. नव्या हिशेबाने २७५०. वाढ ६६ रुपयांची.

२०२२-२३ ला परत तेच. २९०० चे ३०५० केले, बेस १०० वरून १०२.५ वर. जाहीर वाढ दीडशे, आणि १०२.५ किलोवाल्या कारखान्याला खरी वाढ साडेसत्याहत्तर.

तात्यांना मी असं सांगितलं की समजा तुम्ही भांगलणीच्या बायकांची हजेरी पन्नास रुपयांनी वाढवली आणि म्हणाला, पण आता चार सऱ्यांऐवजी साडेचार सऱ्या भांगलायच्या. हजेरी वाढली का? वाढली. पन्नासनं वाढली का? नाही. तात्या म्हणाले, "बायका हातात खुरपं घिऊन अंगावर येतील." शेतकऱ्याच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण सऱ्या डोळ्यांना दिसतात आणि बेस दिसत नाही.

म्हणून दर जाहीर झाला की आधी बघायचं, बेस बदलला का? नसेल बदलला तर वाढ ती वाढ, जसं २०२४-२५ चे ३४०० होते आणि २०२५-२६ ला ३५५० झाले तेव्हा बेस १०२.५ च होता.

माझा ऊस गोड, मग दर सगळ्यांच्या सरासरीने का?

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि रास्त आहे. एकाने को ८६०३२ जातीचा लावलाय, दुसऱ्याने २६५ जातीचा, एकाचा आडसाली (पावसाळ्यात लावलेला, जास्त मुदतीचा) पक्व होऊन तुटला, दुसऱ्याचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला) नोव्हेंबरातच कच्चा गेला, आणि दर दोघांना एकच. शाळेचा निकाल ८५ टक्के लागला म्हणजे वर्गातल्या प्रत्येक पोराला ८५ पडले असं नसतं, पण इथं मात्र प्रत्येकाच्या हातात ८५ चंच मार्कलिस्ट देतात.

कारण सरळ आहे. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक मिळून शेकड्यांनी वाहनं येतात, ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी टाकायच्या जागी, पडला की कुणाचा कुठला काही राहत नाही, रस सगळा एकच. वेगळं मोजायचं तर प्रत्येक गाडीचा नमुना घेऊन तिथल्या तिथं तपासायला लागेल. अशक्य नाही, ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर मोजूनच पैसे देतात, पण तिथं शेतं मोठी, एकेका शेतकऱ्याचा माल मोठा. आपल्याकडं अर्ध्या एकराचाही सभासद असतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सरासरीत मेहनती माणसाचं नुकसान होतं आणि वजनावर लक्ष ठेवून ऊस लावणाऱ्याचा फायदा होतो, हे खरंच आहे, पण प्रत्येक गाडीमागं लॅब टेस्ट म्हणजे प्रत्येक गाडीमागं एक नवं भांडण, हेही मला दिसतंय.

आणि सरासरी काढतानाही लोक चुकतात. समजा नोव्हेंबरमध्ये एक लाख टन गाळला, टनाला ९५ किलोने, आणि जानेवारीत दोन लाख टन, ११५ किलोने. पारावरचा हिशेब म्हणतो सरासरी १०५. चूक. एकूण साखर भागिले एकूण ऊस करायचं, तेव्हा १०८ च्या वर येते, कारण जानेवारीचा ऊस दुप्पट होता. कारखान्याच्या बोर्डावर दोन आकडे असतात, ऑन डेट म्हणजे आजचा आणि टू डेट म्हणजे हंगाम सुरू झाल्यापासूनचा. थंडीत ऑन डेट बघून हरखून जायचं नाही. त्यातही रोजचा आकडा थोडा अंदाजाचाच असतो, कारण बरीचशी साखर अजून पॅनमध्ये (रस आटवायच्या भांड्यात), टाक्यांमध्ये असते, पोत्यात आलेली नसते. खरा आकडा हंगाम संपल्यावर.

मग गेल्या वर्षीचा उतारा का धरतात?

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ म्हणतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. आता चौदाव्या दिवशी या हंगामाचा अंतिम उतारा कुणाला माहीत असणार? म्हणून मागच्या हंगामाचा धरायचा, हाती असलेला पक्का आकडा तोच.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा निर्णय काढला होता, चालू हंगामाचा उतारा धरा आणि एफआरपी दोन हप्त्यांत द्या. गणित म्हणून ते चूक म्हणता येत नाही, ज्या वर्षीचा ऊस त्या वर्षीचा उतारा. पण त्याचा अर्थ असा झाला की दुसऱ्या हप्त्यासाठी हंगाम संपायची वाट बघा. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. हिशेब अचूक पाहिजे की पैसे वेळेवर पाहिजेत, असं ते भांडण होतं, आणि सोसायटीचं कर्ज अंगावर असलेला माणूस काय निवडेल ते सांगायला नको.

इथेनॉल आल्यावर उतारा पडला, ते कसं?

पेंडीचं उदाहरण परत घ्या. समजा पेंडीला चांगला भाव आला, तर घाणेवाला काय करेल, तेल पुरतं काढणारच नाही, थोडं पेंडीतच ठेवेल आणि तीच विकेल. कारखान्यात साखर तीन टप्प्यांत काढतात. तिसऱ्या टप्प्यानंतर उरते ती सी मळी, तिच्यात काढण्याजोगी साखर फारशी राहिलेली नसते. दुसऱ्याच टप्प्यावर थांबलं की उरते ती बी हेवी, साखर जास्त असलेली, तिच्यातून इथेनॉल जास्त निघतं. साहजिकच पोत्यातली साखर कमी, आणि उतारा हा तर पोत्यातल्या साखरेवर.

ऊस तोच, गोडी तीच, पण कागदावर उतारा पडला. म्हणून नियम असा की इथेनॉलकडं वळवलेली साखर हिशेबात परत मिळवायची आणि मग एफआरपी काढायची. ती किती, याचा दाखला राज्यात मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. उतारा विचारताना "बी हेवीची वाढ धरून की न धरता?" एवढं विचारलं की समोरचा सावरून बसतो, मी स्वतः पाहिलंय.

कारखानदार म्हणतात परवडत नाही, ते खोटं का?

अर्धं. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरवला होता. आणि वर बघितलं तसं २०२५-२६ ची एफआरपी साखरेच्या किलोला ३४.६० पडते, त्यात कारखाना चालवायचा खर्च नाहीच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही दया येईल. पण ३१ हा तळ आहे, साखर प्रत्यक्षात त्यापेक्षा वर विकली जाते, आणि मघाचे बगॅस, मळी, प्रेसमड यांचे पैसे या तुलनेत धरलेलेच नाहीत. रंगराजन समितीने २०१२ मध्ये याच्यावरच सूत्र दिलं होतं, साखर आणि उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्याचा ७० टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाच्या ७५ टक्के. राज्यात २०१३ चा कायदा त्याच धर्तीवर झाला. या हिशेबाने एफआरपीपेक्षा जास्त रक्कम निघाली तर वरची द्यायची असते.

तोडणी-वाहतुकीचंही तसंच, तीसुद्धा अख्ख्या कारखान्याची सरासरी. गेटसमोरच्या शेतकऱ्याच्या बिलातून लांबून ऊस आणलेल्याच्या डिझेलचे पैसे जातात. उताऱ्यावर सभेत भांडणं होतात, या आकड्यावर मात्र फार कुणी बोलत नाही, आणि टनाला आठ-साडेआठशे म्हणजे पंचवीस किलो साखर झाली की.

हे सगळं बघायचं कुठं? कारखाना सहकारी असेल तर वार्षिक अहवालात, फोटो आणि श्रद्धांजली संपल्यावर मागच्या पानांवर बारीक अक्षरात तक्ता असतो, गाळप, उतारा, घट, सगळं. तात्यांच्या माळ्यावर असे पंधरा-वीस अहवाल निघाले, एकही उघडलेला नव्हता.

परवा गावी गेलो तर तात्या पारावर सांगत होते, "कारखाना आपल्याला साखरंच्या किलोला चौतीस रुपय साठ पैसे देतोय, गणित सोपं हाय." तोडणी-वाहतूक वजा करायची राहिली होती. मी ते सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडून एकानं विचारलं, "आणि तात्या, मळी कितीला गेली मग?" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.